समोर नसलेला गडी

बुद्धिबळाचा डाव संपला म्हणजे मागे काय उरते? कुस्ती संपली तर हौद्यातली माती निदान विसकटलेली दिसते. भजन संपले तर टाळांचा नाद काही वेळ कानात घुमत राहतो. डाव संपला की दोन हात पुढे होतात, मोहरी डब्यात पडतात, पट गुंडाळला जातो, आणि तीन तास ज्यासाठी दोन माणसांनी जिवाचे रान केले त्याचा मागमूसही राहत नाही. डाव राहतो तो एकाच रीतीने. कोणी तरी चाली लिहून ठेवल्या तर.

आपल्याकडे हे लिहून ठेवण्याचे काम फारसे कोणी मनावर घेतले नाही, ही गोष्ट मला पुष्कळ दिवस खुपते आहे. चतुरंग हा खेळ भारतात जन्मला, इराणात गेला, अरबांनी उचलला, त्यांच्याकडून युरोपात पोचला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि त्यात खोटे काही नाही. शह, मात, वजीर हे शब्द फारसी-अरबीचा वेष घेऊन परत आले, एवढेच. पण खेळाचा जन्मदाखला जवळ असणे निराळे आणि खेळलेल्या डावांची वही जवळ असणे निराळे. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने आपल्या 'काव्यालंकारा'त घोड्याच्या चालीने वाचावयाचा श्लोक रचला. सतराव्या शतकात काशीला नीलकंठ भट्ट झाले. त्यांचे घराणे मूळचे आपल्या पैठणचे. त्यांच्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचे वर्णन आहे. मोहरी कशी मांडावी, कशी चालवावी, आणि एकटा घोडा चौसष्ट घरांतून प्रत्येक घरी एकदाच जाईल असा कसा फिरवावा, हे त्यात सांगितले आहे. पुढे १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथावरून केलेले एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्यात मुख्यतः अटीतटीच्या स्थिती आहेत: इतक्या चालींत मात करा, प्याद्याने मात करा. विद्वत्ता आहे, चातुर्य आहे, करमणूकही आहे. पण दोन हाडामांसाच्या माणसांनी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी खेळलेला, चुकांसकट संपलेला डाव आपल्या या जुन्या ग्रंथकारांना लिहिण्याजोगा वाटला नाही.

याचे कारण नुसता आळस नसावा. देशी पद्धतीत नियमच प्रांतोप्रांती निराळे. प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर सरकावयाचे. राजाला डावात एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा. प्यादे शेवटच्या घरी पोचले तर ज्या मोहऱ्याचे ते घर तेच मोहरे व्हावयाचे. प्रतिपक्षाजवळ राजाखेरीज काही उरले नाही म्हणजे 'बुर्ज', आणि त्या बुर्जीची किंमत किती यावर पुन्हा वाद. एका गावचा डाव दुसऱ्या गावी नेऊन मांडला तर तिथला खेळाडू अर्ध्यावरच म्हणणार, "ही चाल आमच्यात चालत नाही." अशा खेळाची वही कोण कोणासाठी लिहिणार? मला तर असेही वाटते की आपल्या लोकांनी डावाला गाण्याच्या बैठकीच्या पंक्तीला बसवले होते. बैठक रंगली, आठवण राहिली, पुरे झाले. पिढी गेली की आठवणही गेली.

म्हणून एकोणिसाव्या शतकातला जो हिंदी खेळाडू आज जगाला ठाऊक आहे तो बंगालमधला निघावा यात नवल नाही. कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, पट्टीचा खेळाडू. त्याच्यासमोर महेशचंद्र बंदोपाध्याय बसू लागले आणि कॉक्रेनने त्यांच्याशी झालेले डाव टिपून ठेवले. दोनचार नव्हे, शेकडो. महेशचंद्र देशी सवयीने प्यादी एकेक घर हळूहळू सरकवीत आणि उंटाला बाजूच्या घरात दबा धरून बसवीत. त्या काळच्या युरोपियनांना ही मांडणी विचित्र वाटली असणार. पुढे विसाव्या शतकात तीच 'इंडियन' बचावपद्धती म्हणून मोठमोठ्या स्पर्धांत मानाने खेळली जाऊ लागली. ज्या बचावाला ऑस्ट्रियाच्या ग्र्युनफेल्डचे नाव मिळाले त्याचा एक डाव महेशचंद्र १८५५ मध्येच कॉक्रेनशी खेळून चुकले होते. सांगावयाचा मुद्दा असा की पुण्यात, सातारला, नागपुरात त्यांच्या तोडीचे कोणी नव्हतेच असे कसे म्हणावे? त्यांच्यासमोर लेखणी घेऊन बसलेला कॉक्रेन नव्हता, हे मात्र खरे. मीर सुलतान खानाचेही तेच. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद मिळवणारा, कापाब्लांकाला हरवणारा हा पंजाबी माणूस; त्याचे म्हणून आज जे डाव अभ्यासले जातात ते युरोपातले. २०२४ मध्ये जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर ग्रँडमास्टर केले, तेही त्या लिहिलेल्या डावांच्या जोरावर.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ निघाला, १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिचे अजिंक्यपद डी. वेंकय्या व आपले रामचंद्र सप्रे यांना विभागून मिळाले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी मुलांना पटाशी बसवले. भाग्यश्री साठे-ठिपसे ही सांगलीचीच. आंतरराष्ट्रीय नियम आले आणि त्यांच्याबरोबर, माझ्या मते नियमांहूनही मोठी, अशी एक गोष्ट आली: चाली लिहिण्याचा कागद. स्पर्धेत बसलेल्या पोराला चाल लिहिलीच पाहिजे. त्या कागदाने आपला खेळ आठवणीतून इतिहासात आणला.

चाली लिहिता येऊ लागल्या म्हणजे त्या दूर पाठवताही येतात. समोर नसलेल्या गड्याशी खेळणे ही संगणकाच्या युगाची करामत आहे अशी आपली एक समजूत असते. ती तितकीशी खरी नाही. १८२४ ते १८२८ अशी चार वर्षे लंडन आणि एडिंबरो या शहरांचे क्लब टपालाने खेळत होते; एडिंबरो जिंकले आणि त्या सामन्यावरून एका सुरुवातीला 'स्कॉच' हे नाव पडले. १८४४ मध्ये अमेरिकेत तारायंत्र सुरू होते न होते तोच वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांनी तारेवरून डाव मांडले. १९४५ च्या सप्टेंबरात, महायुद्धाची धूळ खाली बसण्याआधीच, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया रेडिओवरून दहा पटांवर खेळले आणि रशियाने साडेपंधरा विरुद्ध साडेचार गुणांनी धुव्वा उडवला. १९६५ मध्ये बॉबी फिशरला क्यूबाला जाता आले नाही, तर तो न्यूयॉर्कमध्ये बसून टेलिप्रिंटरवरून हवानाची स्पर्धा खेळला आणि विभागून दुसरा आला. टपाल असो, तार असो, रेडिओ असो. दोघांच्या मध्ये एक तिसरा असतो, चाल पोचवणारा. तो नीट चालला तर त्याची आठवणही कोणाला होत नाही.

हा तिसरा आज आमच्या शिरवण्यातही घरोघर आहे. शिरवणे म्हणजे १९७० मध्ये सिडको स्थापन झाली त्याच्या कितीतरी आधीपासूनचे आगरी-कोळ्यांचे गाव. आता एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या शेड आणि भोवती नेरूळ-जुईनगरच्या इमारती. खाडी आणि भातशेती यांवर जगलेल्या आजोबांची नातवंडे आज रात्री जेवणे उरकली की मोबाईलवर दहा दहा मिनिटांचे डाव खेळतात. माझ्या वर्गातली पाचसात मुले इंटरनेटवरच्या स्पर्धांत नियमाने उतरतात. तासाभराची स्पर्धा, एक डाव संपला की यंत्र लगेच दुसरा गडी समोर आणून बसवते, तो ब्राझीलचा असेल नाहीतर भांडुपचा. नाव खरे असेलच असे नाही, तोंड तर दिसतच नाही. पण स्पर्धा संपते तेव्हा त्या पोराजवळ आपल्या प्रत्येक डावाची पहिल्यापासून शेवटपर्यंतची नोंद असते, कोणत्या चालीला किती सेकंद लागले याच्यासकट. जे आपल्या थोर थोर खेळाडूंच्या वाट्याला आले नाही ते शिरवण्याच्या सातवीतल्या पोराला फुकट मिळते.

हा नव्या खेळाचा गुण. त्याची कसोटी पाहिली ती २०२० सालाने. करोनाच्या टाळेबंदीत मॉस्कोचे ऑलिंपियाड होऊ शकले नाही, तेव्हा जागतिक संघटनेने जुलै-ऑगस्टमध्ये ऑनलाइन ऑलिंपियाड भरवले. १६३ देशांचे संघ आपापल्या घरी कॅमेऱ्यापुढे बसून खेळले. संघाचे सहा पट: दोन पुरुष, दोन स्त्रिया, एक वीस वर्षांखालचा मुलगा आणि एक मुलगी. या सहा पटांपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. १९७६ मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशी बंदी करता येणार नाही असे सांगितले तेव्हा मिटले. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी नियमच असा की स्त्रियांवाचून संघच उभा राहू नये. भारताच्या संघात आनंद, हंपी, हरिका, हरिकृष्ण होते. कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. गोव्याची भक्ती कुलकर्णी. आणि मुलींच्या पटावर नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख. गटसामन्यात बलाढ्य चीनला भारताने ४–२ असे हरवले ते प्रज्ञानंद आणि दिव्या या दोन पोरांच्या विजयांवर.

२८ ऑगस्टला उपउपांत्य सामना आर्मेनियाशी होता. पहिली फेरी भारताने साडेतीन विरुद्ध अडीच अशी घेतली; पण त्यात निहाल सरीनविरुद्ध खेळणाऱ्या हाइक मार्तिरोस्यानची जोडणी मध्येच तुटली आणि त्याचा डाव वेळेवर गेला. आर्मेनियाने दाद मागितली. उत्तर मिळाले की यंत्रणा ठीक चालली होती, आपली जोडणी सांभाळणे ही ज्याची त्याची जबाबदारी. नियम तसाच होता. आर्मेनियाचा संघ चिडला, दुसरी फेरी खेळलाच नाही, आणि भारत पुढे गेला. दुसऱ्या दिवशी पोलंडविरुद्ध एक फेरी हरून, एक जिंकून, शेवटच्या निर्णायक डावात हंपीने मोनिका सोच्कोला नमवून भारताला अंतिम सामन्यात नेले.

३० ऑगस्टला गाठ रशियाशी. पहिल्या फेरीतले सहाही डाव बरोबरीत सुटले. दुसऱ्या फेरीत निहाल आणि दिव्या या दोघांची जोडणी तुटली. घड्याळे चालत राहिली. दोन्ही डाव वेळेवर गेले, आणि फळ्यावर रशिया साडेचार, भारत दीड असा निकाल लागला. त्या दिवशी इंटरनेटचा एक मोठा जागतिक दुवा बिघडला होता आणि निरनिराळ्या देशांत ठिकठिकाणी सेवा बंद पडल्या होत्या. या वेळी दाद मागणारे आपण होतो. समितीचे एकमत होईना. तेव्हा अध्यक्ष द्वोरकोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक जाहीर केले. द्वोरकोविच स्वतः रशियन, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्याकडे पेढे वाटले गेले, ते योग्यच. पण इतिहास लिहावयाचा तर २८ तारीख गाळून ३० तारीख लिहिता येत नाही. दोन्ही दिवशी घडले ते वरवर सारखेच: पटावर न झालेला पराभव घड्याळाने केला. एका मुलाला सांगितले, दोष तुझ्या घरच्या तारेचा. दुसऱ्या दोघांना सांगितले, दोष जगाच्या तारेचा. तांत्रिकदृष्ट्या हा भेद खरा आहे आणि मी तो नाकारीत नाही. दुसऱ्या वेळी बिघाड खरोखरच सार्वत्रिक होता. तरीही येरेवानमधल्या त्या पोराला हा भेद कसा लागला असेल? काळोख झाला की तो घरातल्या फ्यूजमुळे झाला की साऱ्या शहरामुळे, हे काळोखात बसलेल्याला खिडकीबाहेर पाहिल्याशिवाय कळत नाही. आम्हां नवी मुंबईकरांना तर ही उपमा शोधावीही लागत नाही. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबई आणि ठाण्याबरोबर आमच्याकडेही वीज गेली. मुलांचे ऑनलाइन वर्ग बुडाले, कोणाची परीक्षा बुडाली, आणि डाव तर कितीकांचे वेळेवर गेले असतील. टपालाने खेळणाऱ्या एडिंबरोकरांचे पत्र वाटेत आठ दिवस अडले असते तर घड्याळ थांबले असते. आजचा तिसरा वेगवान आहे. थांबण्याची उदारता मात्र त्याच्यात नाही.

समोर नसलेल्या गड्याविषयी आणखी एक संशय असतो: चाली त्याच्याच कशावरून? टाळेबंदीतच, २०२१ च्या जूनमध्ये, मदतनिधीसाठी आनंदने काही नामवंतांशी ऑनलाइन प्रदर्शनी डाव खेळले; त्यांतल्या एका तरुण उद्योगपतीने संगणकाची मदत घेतल्याचे मागाहून कबूल केले. आनंदचे काही बिघडले नाही. परंतु मुलांनी मला विचारले, "सर, मग आमच्यावर कोण विश्वास ठेवणार?" प्रश्न वाजवी होता. चांगला डाव खेळलेल्या पोराकडे आज प्रथम शंकेने पाहिले जाते, ही त्या लबाडीची खरी किंमत. आणि ती लबाड भरत नाही.

आता डाव खेळून झाल्यानंतरच्या कामाकडे येतो, कारण माझ्या मते खेळाचे अर्धे शिक्षण तिथे आहे. जुन्या स्पर्धांत डाव संपला की हरलेला आणि जिंकलेला दोघे बाजूच्या टेबलावर जात आणि त्याच डावाची चिरफाड करीत. "इथे तू घोडा का मागे घेतलास?" "मला तुझ्या हत्तीची भीती वाटली." "अरे, मला तर ती चाल दिसलीच नव्हती!" या तीन वाक्यांत जे शिक्षण आहे ते पुस्तकाच्या तीस पानांत नसते. प्रतिपक्षाचे मन उघडून दाखवणारी ती दहा मिनिटे. मोबाईलवर गडी डाव संपताच नाहीसा होतो. त्याच्या जागी यंत्र येते आणि तुमच्या चालींवर शेरे मारू लागते. ही उत्तम, ही बरी, ही घोडचूक, दोन लाल प्रश्नचिन्हे. १९९७ मध्ये 'डीप ब्लू'ने कास्पारोवला हरवले तेव्हा ते कपाटाएवढे यंत्र होते; आज खिशातला मोबाईल त्याच्याहून सरस खेळतो, तेव्हा त्याच्या शेऱ्याला खोटे म्हणण्याची सोय नाही. पण तो शेरा चाल चुकली एवढेच सांगतो. मूल का चुकले ते सांगत नाही. भीतीने चुकले, घाईने चुकले, की खालून आईने हाक मारली म्हणून चुकले?

यासाठी मी वर्गात एक साधी रीत ठेवली आहे. स्पर्धेतला एक डाव, शक्यतो हरलेला, मुलाने वहीत हाताने उतरवून आणावयाचा, आणि यंत्राचा शेरा उघडण्यापूर्वी तीन जागी लिहावयाचे: इथे मला काय वाटले होते. मग जोडीदाराने तो डाव लाकडी पटावर मांडून प्रतिपक्षाची बाजू घ्यावयाची. शेवटी यंत्र. पहिल्या महिन्यात मुले कंटाळली. एकाने तीनही जागी "काही वाटले नव्हते" असे लिहून आणले. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला. हळूहळू वह्यांत वाक्ये येऊ लागली. एका मुलीने लिहिले होते, "वजीर मारता येत होता पण समोरचा इतक्या लवकर खेळला की मला वाटले हा सापळाच असणार." यंत्राने त्या चालीला दोन लाल प्रश्नचिन्हे दिली होती. आम्ही तिचे वाक्य फळ्यावर लिहिले आणि सबंध तास त्यावर घालवला.

दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमी येथे स्त्रियांचा विश्वचषक जिंकली. अंतिम फेरीत समोर हंपीच होती, २०२० च्या संघातली तिची थोरली सोबतीण. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यावर जलद डावांत निकाल लागला, आणि त्याबरोबर दिव्या भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. बातमी आली तेव्हा मुलांनी तिचा बातुमीचा डाव मांडू या म्हणून हट्ट धरला. तो मांडला. मग मी त्यांना ३० ऑगस्ट २०२० चा, रशियाच्या पोलिना शुवालोवाशी झालेला तिचा डाव काढून दिला. त्याची चालींची यादी जोडणी तुटली त्या जागी थांबते. मुलांनी मोहरी तिथपर्यंत आणली, दोन तट पडले, घड्याळ बाजूला ठेवले आणि तिथून पुढे खेळावयास बसली. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी डाव चालूच होता. तेव्हा स्थिती वहीत लिहून घेतली आणि पट कपाटावर ठेवून दिला.